जमैकाच्या सायमन टेलरची इस्टेट गेली कुणाकडे?

ऊसमळा: हा माणूस १८१३ ला वारला तेव्हा जमैकातल्या सगळ्यात श्रीमंतांपैकी एक, ऊसाचे मळे, साखर आणि रमचा धंदा, वर २००० च्या वर गुलाम. लग्न केलं नव्हतं. मग एवढं सगळं मिळालं कुणाला? आणि तिथल्या बायकांपासून झालेल्या त्याच्या पोरांचं काय?

जुनी_वही: पुतण्याला मिळालं. पण तो १८१५ मध्येच गेला, मग सगळं त्याच्या बहिणीकडे, अ‍ॅना सुझानाकडे आलं. तिचा नवरा जॉर्ज वॉटसन, त्याने तर टेलर आडनावही लावून घेतलं आणि मग काय, भारी भारी चित्रं, फर्निचर, इंग्लंडात विल्टशायरमधला अर्लस्टोक पार्क हा वाडा, हात सैल सोडून उधळलं. १८३२ मध्ये दिवाळं निघालं, घरातलं सामान लिलावात.

कारकून७: पोरांचं मी सांगतो. जमैकाच्या असेंब्लीने १७६१ मध्ये कायदाच केला होता की काळ्या किंवा मिश्र वंशाच्या माणसाच्या नावे मृत्युपत्राने २००० पौंडांच्या वर काही ठेवता येणार नाही. ज्या बापाची वट असेल तो असेंब्लीकडून आपल्या पोरांपुरता वेगळा कायदा करून आणायचा. आणि आई गुलाम असेल तर पोरही गुलाम, तेही आईच्या मालकाचं, बाप कोण हा प्रश्नच नाही. थिसलवुड नावाचा दुसरा एक मालक होता, त्याच्यासोबत राहणारी बाई फिबा (शुक्रवारी जन्मलेल्या मुलीचं आफ्रिकी नाव आहे हे) दुसऱ्याच्या मालकीची. मृत्युपत्रात लिहिलं होतं की तिला विकत घेऊन मोकळी करा. तो वारला १७८६ ला, ती सुटली १७९२ ला!!

ऊसमळा: बाप रे. पण माणसं वाटण्यांत जायची कशी, जमिनीसोबत?

जुनी_वही: मळ्यासोबतही आणि सुटीही. मालक मेला की मोजदाद व्हायची, एकेकाचं नाव आणि समोर किंमत, म्हाताऱ्यांसमोर कधी कधी चक्क शून्य, आणि त्याच यादीत पुढे बैल आणि खेचरं. मृत्युपत्रात तर बाईसोबत "तिला पुढे होणारी संततीसुद्धा" असं लिहून द्यायचे, म्हणजे पोटात नसलेलं पोरही वारशात. अशा याद्या स्पॅनिश टाउनच्या दफ्तरखान्यात आहेत.

कारकून७: आणि गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने २ कोटी पौंड भरपाई ठरली ती मालकांना. मळ्यावर कर्ज दिलेले, मृत्युपत्रातून वर्षासन लागलेले, सगळे दावे घेऊन रांगेत. गुलामांना दमडी नाही, उलट १८३८ पर्यंत 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकाकडे राबायचं.