'वोल्या' : इच्छा की मोकळीक?

प्रश्न : झारकालीन रशियातल्या 'नरोदनाया वोल्या' या क्रांतिकारक संघटनेचं नाव मराठीत कुठे 'लोकेच्छा', कुठे 'लोकस्वातंत्र्य' असं वाचायला मिळतं. बरोबर कोणतं?

उत्तर : दोन्ही बरोबर, आणि दोन्ही अर्धीच. रशियनमध्ये 'वोल्या' म्हणजे इच्छा आणि 'वोल्या' म्हणजेच मोकळेपण. मनात येईल तसं वागायला कुणाची आडकाठी नाही, ही एकच अवस्था तो शब्द आतून आणि बाहेरून दाखवतो. आपल्याकडे हे नाव आलं इंग्रजीमार्फत. इंग्रजीनं 'इच्छा' तेवढी उचलली आणि बहुतेकांनी तीच पुढे चालवली.

स्वातंत्र्याला रशियनमध्ये आणखी एक शब्द आहे, 'स्वबोदा'. त्यातला 'स्व' आपल्या 'स्व'च्याच कुळातला. 'वोल्या'चं गोतही परकं नाही. संस्कृतातल्या 'वृ' म्हणजे निवडणे या धातूशी तिचं नातं आहे. आपले 'वरणे' आणि 'स्वयंवर' तिथलेच. वापरात मात्र या दोघींची वस्ती वेगळी. 'स्वबोदा' कायद्याच्या कागदात शोभते. १९०५ च्या ऑक्टोबर जाहीरनाम्यात झारनं भाषणाची, सभेची, संघटनेची कबूल केली ती स्वबोदा. 'वोल्या' शेतकऱ्याच्या तोंडची. तिच्यात मोकळं रान आहे, धन्याचा जाच सुटणं आहे, आणि थोडी बेबंदीसुद्धा आहे.

हा फरक सगळ्यात ठसठशीत दिसतो तो १८६१ साली. दुसऱ्या अलेक्झांडरनं भूदासप्रथा रद्द केली आणि जमीनदारांच्या मालकीची दोन कोटींहून जास्त माणसं कागदोपत्री सुटली. जाहीरनाम्यात त्यांना 'स्वतंत्र ग्रामीण रहिवासी' म्हटलं आहे, आणि तिथलं विशेषण 'स्वबोदा'च्या घरचं. गावोगाव मात्र या घटनेला नाव पडलं 'वोल्या'. ती कशी होती? पहिली दोन वर्षं वेठ आणि खंड चालूच. पुढे जमीन हवी तर तिची किंमत ४९ वर्षं हप्त्यांनी फेडायची. आणि बऱ्याच ठिकाणी आजवर कसत आलेल्या जमिनीचा तुकडा कापून जमीनदाराकडेच राहिला. जो कसतो त्याची जमीन, अशी शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा. तेव्हा ही वोल्या नव्हेच, खरी झारनं दिली असणार आणि मधल्यांनी दडवली असणार, अशी बोलवा उठली.

कझान प्रांतात बेझ्द्ना नावाचं गाव होतं. तिथं अंतोन पेत्रोव्ह या थोडंफार वाचता येणाऱ्या शेतकऱ्यानं कायद्याचं ते जाडजूड बाड चाळलं आणि छापील आकड्यांच्या खुणांमध्ये त्याला खरी वोल्या सापडली. आसपासच्या गावांतून हजारो माणसं त्याच्या झोपडीभोवती जमली. एप्रिलमध्ये सैन्यानं गर्दीवर गोळ्या झाडल्या, पन्नासाहून जास्त माणसं मेली. पेत्रोव्ह बाहेर आला तो कायद्याचं बाड डोक्यावर धरून. आठवड्याभरात त्यालाही गोळी घातली.

आता इथल्या 'वोल्या'ला मराठीत काय म्हणाल? 'इच्छा' तर निरुपयोगी. 'स्वातंत्र्य' म्हटलं की आपल्याला झेंडा आणि देश दिसतो. 'मुक्ती' मोक्षाकडे झुकते. घडणीनं सर्वांत जवळचा शब्द 'स्वच्छंद' : छंद म्हणजे मूळ इच्छा, तेव्हा आपल्या इच्छेचा तो स्वच्छंद, म्हणून मोकळा. हुबेहूब 'वोल्या'! पण आज तो पाखरांना आणि कवितांना लागतो, उपाशी शेतकऱ्याच्या तोंडी बसत नाही. मी तिथं 'मोकळीक' लिहीन. मोकळीक कुणीतरी देतं, हेही १८६१ ला लागू पडतं.

संघटनेच्या नावाला मात्र 'मोकळीक' चालणार नाही. झेल्याबोव्ह, सोफिया पेरोव्स्काया ही 'नरोदनाया वोल्या'ची मंडळी कुणी दिलेल्या मोकळिकीवर समाधान मानणारी नव्हती. लोकांनी निवडलेली घटना समिती हवी, ही त्यांची मागणी. १ मार्च १८८१ ला त्यांनी ज्या झारला बाँबनं मारलं तो हाच, १८६१ चा. या नावात 'इच्छा' जड आहे हे मान्य, तरी मूळ नाव ठेवून पहिल्या उल्लेखाला दोन्ही अर्थ द्यावेत.

पूरक शंका : याच काळातल्या 'चोर्नी पेरेद्येल' या गटाचं नाव 'काळ्या जमिनीची फेरवाटणी' असं करावं का?

उत्तर : नको. मोह होणं साहजिक आहे, कारण आपण 'काळी-पांढरी' म्हणतो आणि काळी म्हणजे शेतजमीन. तिथलं काळं माणसांचं आहे. 'काळे लोक' म्हणजे करभार वाहणारी सामान्य रयत. १८७९ मध्ये 'झेम्ल्या इ वोल्या', म्हणजे जमीन आणि वोल्या, ही संघटना फुटली तेव्हा जणू नावच वाटून घेतलं गेलं. एकांनी वोल्या नेली, ती 'नरोदनाया वोल्या'. क्रांतिकारक प्लेखानोव्ह ज्यात होते त्या दुसऱ्या गटाच्या वाट्याला जमीन आली. सगळी जमीन रयतेत नव्यानं वाटली जाईल, ही खेड्यांतली जुनी आस त्यांनी नावात घेतली. म्हणून मराठीत 'रयतेची फेरवाटणी' लिहावं.