मदत हवी आहे: विमानाचं तिकीट शेवटच्या दिवशी स्वस्त होतं का?

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला, केळीवाला. मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे. दिवाळीला पुण्यापर्यंत विमानानं आणि पुढे भुसावळपर्यंत रेल्वेनं येणार. तिकिटाचा भाव रोज सकाळी वेगळा दिसतो. ती म्हणते, आत्ताच काढू. माझा धाकटा भाऊ म्हणतो, थांबा, विमान रिकामं नेण्यापेक्षा कंपनी शेवटी पडेल भावात देईल. मलाही ते पटतं. घड कापला की आम्हाला मिळेल त्या भावात द्यावाच लागतो, आणि सीट तर केळीहून नाशवंत. मग भाव उलटा चढतो कसा? एसटीसारखा सरकारी दर नसतो का? थांबू की काढू?

प्रतिसाद १
दादा, मुलीचं ऐका.

शेवटच्या दिवशी तिकीट काढतं कोण? ऑफिसच्या पैशानं मीटिंगला निघालेला, नाहीतर घरी कुणी अत्यवस्थ असलेला. तो भाव बघत बसत नाही. त्याच्यासाठीच काही सीटा महाग भावात राखलेल्या असतात. एकाच विमानात भावांचे गट पाडतात; स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. शेवटी पडेल भावात द्यायला लागले, तर सगळेच तुमच्या भावासारखे थांबायला शिकतील!

ही रीत अमेरिकेतली. तिथे भाडं सरकारी मंडळ ठरवायचं. ते बंधन सैल होत असताना, 1977 मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सनं ‘सुपर सेव्हर’ काढलं: स्वस्त, पण आगाऊ काढणाऱ्यालाच. 1978 च्या कायद्यानं भाडं मोकळं झालं, आणि पुढे संगणक आल्यावर तर भाव दिवसातूनही बदलू लागले. आपल्याकडे 1953 पासूनची सरकारी विमान कंपन्यांची मक्तेदारी 1994 मध्ये कायद्यानं संपली. आता भाडं कंपनीच ठरवते. सरकार अधूनमधून हात घालतं. कोविडच्या काळात, मे 2020 ते ऑगस्ट 2022, भाड्यावर मर्यादा होती. लहान शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारच्या ‘उडान’ योजनेतही काही सीटांना कमाल भाडं असतं, जळगाव-मुंबई विमान 2017 च्या डिसेंबरात त्याच योजनेतून सुरू झालं. बंगळुरू-पुण्याला त्याचा उपयोग नाही.

धनत्रयोदशीच्या दोन-तीन दिवस आधी सुट्टी मिळते का बघा. बॅगेचं वजनही आधीच तपासा, काउंटरवर जास्तीचे पैसे फार लागतात.

धागाकर्ता
काढलं, भाऊ. धाकट्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो गप्प. आता परतीचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचं भाडं जवळजवळ दुप्पट दिसतंय. पुण्याऐवजी मुंबईहून किंवा संभाजीनगरहून बघू का?