ऑटो-स्केलिंगनंतर मधूनच ५०२ एरर, टार्गेट (मागचे सर्व्हर) मात्र सगळे हेल्दी

प्रश्न:
नमस्कार मंडळी. एका कॉलेजची प्रवेश-अर्जाची साइट सांभाळतो. एडब्ल्यूएसवर आहे: पुढे अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर (आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणारा), मागे ऑटो-स्केलिंग ग्रुपमध्ये (गर्दीप्रमाणे आपोआप कमी-जास्त होणारे) नोड १८ (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) चे सर्व्हर, किमान २, कमाल ६. काल दुपारी तुफान गर्दी होती, सहाही सर्व्हर उभे राहिले, काही अडलं नाही. संध्याकाळी गर्दी ओसरली आणि तेव्हा ५०२ (लोड बॅलन्सरला सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याची एरर) यायला लागले. थोडेच, पण नेमके फॉर्म सबमिट करताना. एका मुलीच्या वडिलांचा चार वेळा फोन आला. टार्गेट ग्रुपमध्ये (लोड बॅलन्सरच्या मागच्या सर्व्हरच्या यादीत) सगळे हेल्दी दिसतात, म्हणजे हेल्थ चेक (सर्व्हर ठीक आहे का याची ठरावीक तपासणी) पास होतात. नवे सर्व्हर लोड बॅलन्सरला खरंच नीट जोडले गेलेत का, हे कसं तपासू?

उत्तर १:
सिक्युरिटी ग्रुपपासून (एडब्ल्यूएसचे फायरवॉलचे नियम) सुरू करा. अ‍ॅपच्या पोर्टला परवानगी लोड बॅलन्सरच्या सिक्युरिटी ग्रुपला हवी, ठरावीक आयपीला नको; ते आयपी बदलत राहतात. मग नव्या सर्व्हरवर शिरून एसएस कमांड (चालू नेटवर्क कनेक्शन दाखवणारी) चालवा, लोड बॅलन्सरच्या खाजगी आयपींवरून आलेली कनेक्शन दिसायला हवीत. अ‍ॅक्सेस लॉग (लोड बॅलन्सरने ठेवलेली प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) चालू असेल तर ५०२ च्या ओळीही टाका इथे.

प्रश्नकर्ता:
सिक्युरिटी ग्रुप बरोबर आहे, कनेक्शनही दिसतात. लॉगमध्ये लोड बॅलन्सरचा स्टेटस ५०२, आणि टार्गेटच्या स्टेटसच्या जागी नुसती आडवी रेघ.

उत्तर २:
रेघ म्हणजे सर्व्हरकडून उत्तर आलंच नाही. मी यात एक अख्खा आठवडा घालवलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

लोड बॅलन्सर सर्व्हरशी जोडलेलं कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा वापरतो. त्याचा आयडल टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं ते) डिफॉल्ट ६० सेकंद. नोड १८ मात्र ५ सेकंद काही आलं नाही की ते बंद करतं. बंद होण्याच्या त्याच क्षणी रिक्वेस्ट येऊन थडकली की ५०२. दुपारी कनेक्शन रिकामी राहतच नव्हती. संध्याकाळी थोडी रिक्वेस्ट सहा जणांत वाटली गेली, प्रत्येकाची कनेक्शन पाच-पाच सेकंद मोकळी पडू लागली. हेल्थ चेकमध्ये हे कधीच दिसणार नाही, कारण तो दर वेळी स्वतःचं नवं कनेक्शन उघडतो आणि तपासून झालं की बंद करतो.

नोडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (हीच ५ सेकंदांची मर्यादा) ६५ सेकंद करा, म्हणजे लोड बॅलन्सरच्या ६० पेक्षा जास्त; हेडर्स टाइमआउट (रिक्वेस्टचे हेडर्स पूर्ण यायची वाट पाहण्याची मर्यादा) त्याहून थोडा जास्त. आणि सर्व्हर कमी होताना सिगटर्म (बंद होण्याचा सिग्नल) मिळाल्यावर हातातल्या रिक्वेस्ट पूर्ण करूनच अ‍ॅप बंद होऊ द्या.

प्रश्नकर्ता:
काल रात्री बदल चढवला. मुद्दाम सहाही सर्व्हर चालू ठेवले, रहदारी अगदी तुरळक. सकाळपर्यंतचा लॉग ओळ न ओळ पाहिला, एकही ५०२ नाही. त्या मुलीचा फॉर्म मी स्वतः फोनवर बसून भरून घेतला. मनापासून आभार.