अनुभव धागा : तुमच्या कामाची नोंद कोणाच्या वहीत होती?

असंघटित कामगारांच्या कायद्यांविषयी बोलताना आपण बहुधा योजनांची नावे घेतो. कायदा प्रत्यक्ष माणसापर्यंत पोहोचला की नाही, हे मात्र त्याच्या कामाची नोंद कोणी ठेवली आणि ती कोणाच्या नावाने ठेवली यावर ठरते, असे घरच्या अनुभवावरून माझे मत झाले आहे. त्यासाठी हा धागा काढला आहे. स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा अनुभव लिहावा. मालक, ठेकेदार, कार्यालये यांची नावे कृपया घेऊ नयेत. सुरुवात मी करतो.

पुणे, मार्केट यार्ड

माझे वडील हमाल होते. त्यांना एक मालक कधीच नव्हता. सकाळी एका गाळ्यावर गुळाच्या ढेपा उतरवायच्या, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर तांदळाची पोती चढवायची. अशा माणसाला भविष्यनिर्वाह निधी मिळावा कसा, या प्रश्नाचे उत्तर १९६९ च्या माथाडी कायद्याने शोधले. व्यापारी हमालीची रक्कम आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठराविक टक्क्यांची जादा आकारणी, माथाडी मंडळात भरत, मंडळ टोळीच्या कामाचा हिशेब करून प्रत्येकाचा पगार देई, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा असे सारे उभे राही. मालक बदलत राहिले तरी वही एकच राहिली. वडील निवृत्त झाले तेव्हा आलेल्या रकमेतून आमच्या दोन खोल्यांवर स्लॅब घातला गेला. माझ्या काकांनी तेच काम, तितकीच वर्षे, शहराबाहेरच्या एका खासगी गोदामात केले. तेथे मंडळाची नोंदणी नव्हती, मजुरी रोज संध्याकाळी हातात मिळे, आणि गुडघे गेले त्या दिवशी काकांजवळ आपण कामगार होतो हे सांगणारा एकही कागद नव्हता. भावांपैकी कोणी जास्त कष्ट केले, असा प्रश्न आमच्या घरात कधी निघत नाही.

बीड जिल्हा

माझे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर गाव सोडायचे आणि पाडव्याच्या सुमारास परतायचे, हा आमचा वर्षाचा क्रम होता. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, त्या कोयत्याला मिळते आणि मुकादमाच्या वहीत नाव एकट्या पुरुषाचे लागते. आई ऊस सोलायची, मोळ्या बांधायची, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. पण पंधरा हंगामांत तिचे नाव कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही. एका पहाटे दवाने ओल्या झालेल्या फळीवरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च मुकादमाने केला आणि तो उचलीत मांडला. वडील एकटे पडल्यामुळे पुढचे दिवस अर्धा कोयता धरला गेला, खाड्यांचे पैसे निराळे कापले गेले, आणि हंगाम संपताना आमच्यावरचे कर्ज सुरुवातीपेक्षा जास्त होते.

कामावर इजा झाल्यास भरपाई देणारा १९२३ चा कायदा तेव्हा होता, आणि ठेकेदारामार्फत काम करून घेतले तरी मूळ मालकावर जबाबदारी येते अशी त्यात तरतूद होती, हे मला डी.एड. करताना कळले. आम्ही चौकशी केली तेव्हा कारखान्याने तोडणी-वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवले, ठेकेदाराने मुकादमाकडे, आणि मुकादमाने वही उघडून दाखवली. दाव्याची दोन वर्षांची मुदत तोवर उलटून गेली होती. आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे आणि ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रेही दिली जातात. माझ्या शाळेतल्या मुलांच्या आयांची ओळखपत्रे त्यांच्या स्वतःच्या नावाने निघतात का, हे मी दरवर्षी गाड्या भरण्यापूर्वी घरोघरी जाऊन पाहते.

ठाणे

मी बांधकामावर साइट इंजिनिअर आहे, म्हणजे दाखल्यावर सही करणाऱ्यांच्या बाजूचा. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर लावला आणि त्यातून बांधकाम कामगारांचे मंडळ नोंदीत कामगारांना लाभ देऊ लागले. नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्याकडे चार महिने सलग असलेल्या गवंड्याला तो सहज मिळतो. नाक्यावरून येणारी बाई मात्र आज आमच्याकडे विटा वाहते, परवा दुसरीकडे खडी उचलते. वर्षाचे दोनशे दिवस राबूनही तिचे ९० दिवस एका ठिकाणी जमत नाहीत. मी पहिली काही वर्षे अशा अर्जांवर सही करत नसे, कारण आमच्या हजेरीपटावर तिचे जेमतेम आठ-दहा दिवस असत. खोटे लिहिणे आजही मला मान्य नाही. पण त्या आठ-दहा दिवसांची चिठ्ठी तारखांसह देणे माझ्या हातात होते, आणि ते मी केले नाही, याची खंत वाटते. हल्ली देतो.

पुणे, वानवडी

माझी आजी कचरा वेचत असे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र तिला मिळाले. तोवर गोणी घेऊन चाललेल्या बाईला कोणीही चोर म्हणून अडवू शकत होते. त्या कार्डाने तिला पैसे मिळाले नाहीत. रस्त्यावर उभे राहता आले.

सोलापूर

आई विड्या वळत असे, पण मावशीच्या कार्डावर. कारखान्यातून पान-तंबाखू मावशीच्या नावाने निघे, वळलेल्या हजाराची मजुरी दोघी वाटून घेत, आणि फंड मावशीच्या खात्यात जमा होई. मावशीने तिचा वाटा प्रामाणिकपणे दिला. प्रत्येकीला अशी बहीण मिळत नाही.

पिंपरी

मी ॲपवरून जेवण पोहोचवतो. वर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी नोंदच नव्हती. माझी नोंद मिनिटामिनिटाची आहे, फक्त ती माझ्याकडे नाही. पावसात गाडी घसरून हात मोडला, दीड महिना घरी होतो, आणि परतलो तेव्हा आयडी बंद झालेला होता. त्याबरोबर तीन वर्षांच्या फेऱ्या, कमाई, सारेच दिसेनासे झाले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात गिग कामगार, म्हणजे माझ्यासारखे नेहमीच्या नोकरीबाहेर काम करणारे, ही संज्ञा आहे आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के अशा कामगारांच्या निधीत द्यावेत अशी तरतूद आहे. हे चांगलेच आहे. तरीही, आयडी बंद करताना कामाचा पूर्ण तपशील कामगाराच्या हाती देण्याची सक्ती असावी, असे मला अनुभवावरून वाटते. तूर्त मी ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवले आहे आणि रोज रात्री त्या दिवसाच्या पडद्याचे छायाचित्र काढून भावाला पाठवतो.

नाशिक

माझ्या आईने बावीस वर्षे धुण्याभांड्याची कामे केली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. नोंदणीसाठी काम करत असलेल्या घराचे प्रमाणपत्र लागते. पाच घरांपैकी चार घरांनी ‘उगाच मागे काही लागायला नको’ म्हणून सही नाकारली. पाचव्या घरातल्या आजींनी केली. पुढे आई आजारी असताना नूतनीकरण राहून गेले, आणि ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठीचे दहा हजार रुपयांचे सन्मानधन जाहीर झाले तेव्हा नोंदणी चालू असण्याच्या अटीत ती बसली नाही.

नाशिक, दुसरे घर

वरचा अनुभव वाचून लिहीत आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी हाच कागद आणला होता आणि मी तो ‘बघू’ म्हणून ठेवून दिला होता. आज तो शोधून भरला. त्या अकरा वर्षे येत आहेत. पूर्ण नाव लिहिण्याच्या रकान्याशी मला थांबावे लागले आणि त्यांचे आडनाव त्यांनाच विचारावे लागले. सही केली आहे. नूतनीकरणाची तारीख आमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.