फियाट 1100 डिलाइट: मूळ बंपर ठेवावा का?

प्रश्न: वडिलांची 1968 सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट 1100 डिलाइट पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. पुढच्या बंपरचा क्रोम सोलवटून खाली गंज दिसतो आहे. बंपर नवा घ्यावा का?

उत्तर 1: पत्रा आरपार कुजला नसेल, तर मुळीच टाकू नये. गंज उतरवून, पोचे काढून, तांबे, निकेल आणि शेवटी क्रोम असे थर चढवून घ्यावेत. बाजारातले नवे बंपर बहुधा पातळ निघतात (माझा तर बोटाने दबत होता).

उत्तर 2: बंपरपेक्षा इंजिन तपासा. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मूळ 1089 सीसीच्या जागी कोणी डिझेल इंजिन बसवले असल्यास अडचण येईल.

प्रश्नकर्ता: इंजिन मूळचेच आहे. बंपर उद्या उतरवतो.