नाणे नजरेने ओळखायचे की बोटांनी?

शनिपारकर :
मंडईत सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या हुज्जतीचे खापर आपण गिऱ्हाइकाच्या वेंधळेपणावर फोडतो. माझ्या मते दोष नाण्यांच्या घडणीत आहे. १९९२ पासून निघालेला स्टेनलेस स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा होता. २०११ च्या मालिकेत तोच व्यास दोन रुपयांना मिळाला आणि रुपया आक्रसून स्टीलच्या जुन्या आठ आण्यांएवढा झाला. जुनी नाणी चलनात असतानाच ही अदलाबदल झाली, आणि गर्दीने भरलेल्या पीएमपी बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्याने खिसा चाचपणाऱ्या माणसाने ती ओळखावीत अशी अपेक्षा आहे. ज्यांना दिसतच नाही त्यांनी काय करावे?

नारायणपेठी :
शनिपारकर, आपली तक्रार खरी असली तरी निदान अर्धवट आहे. नाण्यातला धातू दर्शनी किमतीहून महाग झाला की लोक नाणी वितळवू लागतात, त्यामुळे महागाईत रुपया लहान करण्यावाचून गत्यंतर नसते, आणि रुपयामागोमाग दोन रुपयेही लहान करावे लागतात. गोंधळ टाळायचा तर जुनी नाणी बाद करावी लागतील. जून २०११ अखेर चार आणे आणि त्याखालची नाणी बाद झाली, ते खपून गेले. रुपयाच्या बाबतीत डब्यात नाणी साठवणाऱ्या आजीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत सगळ्यांनाच त्रास होईल.

कोथरूडची वाचक :
नाणी लहान करण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सरसकट गोल करण्याला. अ‍ॅल्युमिनियमचे पाच पैसे चौकोनी, वीस पैसे षट्कोनी, १९९२ चे दोन रुपये अकरा कोनांचे होते. पुढे रुपयावर अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटे अशी हस्तमुद्रांची मालिका आली. अक्षरओळख नसलेल्यालाही किंमत कळावी ही कल्पना सुंदरच, परंतु चित्र पाहायला उजेड लागतो, कड चाचपायला लागत नाही. २०१९ मध्ये वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू दिल्या, मग रुपया-दोन रुपयांनीच काय घोडे मारले?

नारायणपेठी :
त्याच मालिकेत रुपया २०, दोन रुपये २३, पाच २५ आणि दहा रुपये २७ मिलिमीटरचे आहेत. किंमत वाढेल तसा आकार वाढतो. हाच क्रम आपण मागत होतात ना?

शनिपारकर :
कागदावर क्रम बिनचूक आहे. खिशात मात्र जुना रुपया, २०११ चे दोन रुपये आणि नवे पाच रुपये अशी २५ मिलिमीटरची तीन नाणी एकत्र नांदतात, आणि पाचाचा पितळी रंग तेवढा अब्रू राखतो. दहा रुपयांची तर वेगळीच तऱ्हा: सर्व चौदा छाप वैध आहेत असा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला, तरी काही दुकानदार ते नाणे परत करतातच. स्मारक नाणी संग्राहकांसाठी हवी तेवढी काढावीत; रोजच्या चलनात एकच छाप आणि एकच आकार निदान पंचवीस वर्षे बदलू नये, एवढेच माझे मागणे आहे.