मदत हवी आहे: निसर्गात वनस्पतींचे गुणसूत्रसंच वाढतात कसे?

बहुगुणितता (पेशीत गुणसूत्रांचे दोनपेक्षा जास्त संच असणं) वाचताना एका जागी अडलोय. कॉल्चिसिन या रसायनाचं समजलं: ते तर्कुतंतू (पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे धागे) बनू देत नाही, त्यामुळे दुप्पट झालेली गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात. १९३७ पासून प्रयोगशाळेत वापरतात. पण रानात कॉल्चिसिन टाकायला कोण जातं? तिथे म्हणे अर्धसूत्री विभाजन (पराग आणि अंडपेशी बनताना संच निम्मे करणारं) फसतं आणि एका संचाऐवजी दोन्ही संच परागकणात उतरतात. ठीक. पण चार संचांचं रोप व्हायला तशीच फसलेली अंडपेशीही त्याच वेळी हवी ना? एकाच बाजूने फसलं तर तीन संच, म्हणजे रोप वंध्य, विषय संपला. मग गव्हात सहा संच आले कुठून?

रानवेडा:
त्रिगुणित, म्हणजे तीन संचांचं रोप *बहुतांशी* वंध्य असतं, पूर्ण नाही. तीन संचांची सारखी वाटणी होत नाही म्हणून बहुतेक युग्मकं (परागातल्या नरपेशी आणि अंडपेशी) वाया जातात. पण एखाद्या वेळी वाटणीच झाली नाही तर तिन्ही संच अंडपेशीत राहतात. तिला शेजारच्या साध्या झाडाचा परागकण मिळाला की ३ + १ = ४. दोन्ही चुका एकाच वेळी व्हायची गरज नाही, मध्ये एक पिढी गेली तरी चालतं. याला त्रिगुणित सेतू म्हणतात.

पुंकेसर:
गव्हाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे संकर आहे. खपलीच्या कुळातल्या गव्हाच्या युग्मकात १४ गुणसूत्रं, एका रानगवताच्या युग्मकात ७. संकरात २१ आली, पण ती दोन वेगळ्या घराण्यांची, जोड्या लागतच नाहीत. जोड्या नाहीत म्हणून विभाजन कोलमडतं, आणि कोलमडल्यामुळेच काही युग्मकांत सगळीच्या सगळी २१ राहतात. पराग आणि अंडपेशी एकाच फुलातले, दोन्हीकडे तोच बिघाड. त्यामुळे तुम्हाला वाटतो तेवढा योगायोग लागत नाही. २१ + २१ = ४२, आता प्रत्येकाला जोडीदार आहे, बी धरतं.

रशियन शास्त्रज्ञ कार्पेचेंको यांनी १९२०च्या दशकात मुळा आणि कोबीच्या संकरात हेच पाहिलं: ९ + ९ = १८, जवळपास वंध्य; त्यातूनच ३६ वाली, बी धरणारी रोपं आली. (भाजी म्हणून ना धड मुळा, ना धड कोबी!)

धागाकर्ता:
एकाच फुलाचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, आभार. मग हे नेहमी युग्मकातच घडतं का? खोडात, फांदीत नाही?

पुंकेसर:
घडतं, पण कमी. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात प्रिम्युला या फुलझाडाचा एक संकर होता, १८ गुणसूत्रांचा, वंध्य. त्याच्या एका फांदीत पेशी विभागताना संच दुप्पट झाले आणि तिच्याच फुलांना बी धरलं. त्या बियांची रोपं ३६ वाली. तरी निसर्गातला मुख्य रस्ता संच निम्मे न झालेल्या युग्मकांचाच मानतात.